सही कोणाची? कोळसा, आदिवासींची जमीन आणि सीमेवरचे आपण

(आदिलाबाद इथं सीमाभागातल्या तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



इथं बसलेल्यांपैकी कोणाच्या घरात मराठी बोलतात, कोणाच्या घरात गोंडी, कोणाच्या कोलामी. शाळा तेलुगूत, बाजार हिंदीत आणि सरकारी नोटीस इंग्रजीत. एवढ्या भाषांत राहून आपण एक गोष्ट मात्र फारशी बोलत नाही, ती आज बोलायची आहे.

मला विषय दिला होता ‘ऊर्जा आणि विकास’. मी तो जरा बारीक करून घेतला. कोळसा हवा की नको, यावर टीव्हीवर रोज भांडण चालतं, ते तिथंच चालू द्या. माझा प्रश्न साधा आहे. आदिवासींच्या जमिनीखाली कोळसा निघाला, तर तो काढायच्या कागदावर सही कोणाची असते? आणि ज्याची सही नसते त्याच्या वाट्याला काय येतं?

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणा. आजचा आदिलाबाद जिल्हा हा जुन्या आदिलाबादचा एक तुकडा आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले: आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कोमरम भीम आसिफाबाद. त्याच्याही आधी, १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत, किनवट तालुका, राजुरा तालुका आणि बोथ तालुक्यातलं इस्लापूर सर्कल आदिलाबादमधून काढून तेव्हाच्या मुंबई राज्यात घातलं. म्हणजे आज आपण ज्याला ‘पलीकडे’ म्हणतो तो राजुरा आपल्या आजोबांच्या काळात याच जिल्ह्यात होता.

जमिनीखालचा कोळसा काही पुनर्रचना बघून थांबला नाही. वर्धा नदीचं खोरं आणि खाली प्राणहिता–गोदावरीचं खोरं असा तो सलग पट्टा आहे. वरच्या भागात, म्हणजे वणी, घुग्घूस, बल्लारपूर, राजुऱ्याकडे, वेस्टर्न कोलफिल्ड्स खोदते. खालच्या भागात, आसिफाबाद, बेल्लमपल्ली, मंचेरियालकडे, सिंगरेणी खोदते. पट्टा एक, कंपन्या दोन, राज्यं दोन, कायदे वेगवेगळे. आणि दोन्हीकडे गोंड, कोलाम, परधान यांची गावं. नागोबाच्या जत्रेला केसलापूरला जा. मेसराम कुळाची माणसं चंद्रपूर, यवतमाळकडूनही येतात. त्यांच्यासाठी ही सीमा नंतर आलेली गोष्ट आहे.

आता सिंगरेणी. १८७१ मध्ये येल्लांडूजवळ कोळसा सापडला, १८८९ पासून खाणकाम सुरू झालं, १९२० मध्ये ‘सिंगरेणी कॉलरीज’ या नावानं कंपनी नोंदली गेली. विसाच्या दशकात खाणी आपल्या बाजूला बेल्लमपल्लीला आल्या. १९४५ मध्ये निजाम सरकारनं कंपनीचे बहुतांश शेअर घेतले. सरकारच्या मालकीची कोळसा कंपनी ही कल्पना आपल्याकडे स्वातंत्र्याच्या आधीची आहे.

त्याच निजाम सरकारच्या जंगल खात्यानं त्याच काळात काय चालवलं होतं? जंगलं राखीव करायची, गोंडांच्या शेतांना अतिक्रमण म्हणायचं, जनावरं चारली तर दंड घ्यायचा. कोमरम भीम उभा राहिला तो याविरुद्ध. जोडेघाटच्या परिसरातल्या बारा गावांवर आमचा हक्क माना, एवढी मागणी होती. १९४० मध्ये जोडेघाटला त्याला गोळ्या घातल्या. ‘जल, जंगल, जमीन’ या घोषणेशी त्याचं नाव जोडलं गेलं आणि ती आज देशभर देतात. लक्षात घ्या, ती घोषणा आपल्या केरामेरीच्या डोंगरातली आहे.

भीम गेल्यावर सरकारला प्रश्न पडला की हे लोक एवढे चिडले कशानं. ते शोधायला मानववंशशास्त्रज्ञ हायमेन्डॉर्फ यांना पाठवलं. ते मार्लवाईत राहिले, अहवाल लिहिले, त्यातून हजारो आदिवासी कुटुंबांना जमिनीचे पट्टे मिळाले. त्यांनी मार्लवाईत गोंड शिक्षक तयार केले आणि गोंडी वाचनाची पुस्तकं काढली ती देवनागरीत, कारण शिकलेल्या गोंडांना तेव्हा मराठी येत होती. हे मुद्दाम सांगते आहे. लिपीचा मुद्दा पुढे परत येणार आहे.

पट्टे मिळाले, पण टिकले का? रस्ते झाले, कापसाला भाव आला, बाहेरून शेतकरी, सावकार, व्यापारी आले. कर्जात जमिनी गेल्या. मग कायदा आला. १९५९ चं अनुसूचित क्षेत्र जमीन हस्तांतरण विनियमन १९६३ मध्ये तेलंगणाच्या भागाला लागू झालं आणि १९७० मध्ये ते कडक केलं. त्या दुरुस्तीचा क्रमांक १, वर्ष ७०, म्हणून आपल्याकडे सगळे ‘वन ऑफ सेव्हंटी’ म्हणतात. कायदा थोडक्यात असा: अनुसूचित क्षेत्रातली जमीन आदिवासींशिवाय कोणालाही देता येणार नाही. बिगर-आदिवासी माणसानं बिगर-आदिवासी माणसाला विकली तरी तो व्यवहार रद्द. आणि बिगर-आदिवासीकडे जमीन असेल तर ती मूळ आदिवासीकडूनच आली असं आधी धरायचं, उलटं सिद्ध करायचं काम त्याचं.

कायदा असूनही अंमलबजावणीची स्थिती काय होती ते इंद्रवेल्लीला दिसलं. २० एप्रिल १९८१ ला जमिनीचे प्रश्न घेऊन जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा १३ मृतांचा. लोक त्याहून कितीतरी जास्त सांगतात. तो स्तूप तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहे.

आता कोळशाकडे येते. १९९७ मध्ये सुप्रीम कोर्टानं एक निकाल दिला, त्याला ‘समता निकाल’ म्हणतात. प्रकरण विशाखापट्टणमच्या एजन्सी भागातलं होतं. तिथं सरकारनं आपली जमीन खासगी कंपन्यांना खाणीसाठी दिली होती. समता नावाची संस्था कोर्टात गेली. सरकारचं म्हणणं, कायदा माणसांसाठी आहे, आमच्या जमिनीचं आम्ही काहीही करू. कोर्टानं दोन विरुद्ध एक मतानं सांगितलं की ‘माणूस’ या शब्दात सरकारही येतं. सरकारलासुद्धा अनुसूचित क्षेत्रातली आपली जमीन बिगर-आदिवासीला किंवा खासगी कंपनीला खाणीसाठी देता येणार नाही.

एवढा मोठा निकाल, पण त्यात एक दार उघडं राहिलं. सरकारच्याच महामंडळाला किंवा आदिवासींच्या सहकारी संस्थेला खाण चालवता येईल, असं कोर्ट म्हणालं. सिंगरेणी कोण आहे? ५१ टक्के तेलंगणा सरकारची, ४९ टक्के केंद्राची. म्हणजे ती त्या दारातून सरळ आत येते. खासगी कंपनीसाठी लावलेली कडी सरकारी कंपनीला लागत नाही.

तुम्ही म्हणाल, त्यात वाईट काय? सरकारी कंपनी म्हणजे आपलीच की. पोरांनो, इथं थोडं थांबून हिशोब करू.

पूर्वी सौदा असा होता: जमीन द्या, नोकरी घ्या. भूमिगत खाणीला वर जमीन कमी लागायची आणि खाली माणसं खूप लागायची. बेल्लमपल्ली, मंदामर्री, रामकृष्णापूर ही गावं त्यावरच उभी राहिली. १९९० च्या आसपास सिंगरेणीत एक लाखावर कामगार होते आणि वर्षाला दोन कोटी टनांच्या आत कोळसा निघायचा. आज कामगार ४० हजारांच्या आसपास आणि २०२३-२४ चा कोळसा ७ कोटी टन. हे कसं झालं? उघड्या खाणींनी. वरची माती, शेत, जंगल, गाव सगळं उचलून बाजूला डोंगर रचायचा आणि यंत्रांनी कोळसा काढायचा. माती उचलायचं काम बरंचसं खासगी कंत्राटदारांकडे. म्हणजे जमीन पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त लागते आणि माणूस कमी लागतो. बेल्लमपल्लीत जाऊन बघा, भूमिगत खाणी बंद पडत गेल्या तशी बाजारपेठही उतरत गेली.

म्हणून ‘खाण आली म्हणजे नोकरी आली’ हे वाक्य कोणी उच्चारलं की विचारायचं: किती एकराला किती नोकऱ्या? कायम किती, कंत्राटी किती? लेखी द्याल का?

सिंगरेणीच्या कामगारांबद्दल माझ्या मनात आदर आहे, हे स्पष्ट सांगते. २०११ च्या ‘सकल जनुला सम्मे’त ते महिनाभराहून जास्त काळ संपावर होते, तेलंगणा राज्य मिळवण्यात त्यांचा घाम आहे. संघटना मजबूत म्हणून त्यांना कंपनीच्या नफ्यात वाटाही मिळतो. २०२३-२४ चा निव्वळ नफा ४,७०१ कोटी. त्यातले सुमारे २,२८९ कोटी विस्तारासाठी बाजूला ठेवले, उरलेल्यातले ३३ टक्के, म्हणजे ७९६ कोटी, कामगारांना. चांगलंच झालं.

आता समता निकालातलं दुसरं वाक्य ऐका. कोर्ट म्हणालं होतं की अशा भागात चालणाऱ्या उद्योगानं निव्वळ नफ्यातला किमान २० टक्के भाग त्या भागातल्या पाणी, शाळा, दवाखाने, रस्ते यांसाठी कायमचा बाजूला ठेवावा. ४,७०१ कोटींचे २० टक्के म्हणजे ९४० कोटी. सगळा कोळसा काही अनुसूचित क्षेत्रातूनच निघत नाही, त्यामुळे प्रत्यक्ष हिशोब कमी येईल. पण मोजमाप कुठल्या पातळीवर व्हायला हवं होतं ते कळतं.

प्रत्यक्षात काय झालं? २०११ मध्ये केंद्रानं खाण कायद्याचं नवं विधेयक आणलं. त्यात कोळसा कंपन्यांनी नफ्याचे २६ टक्के बाधित लोकांसाठी द्यावेत असं होतं. ते विधेयक बारगळलं. २०१५ मध्ये जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं आणि वाटा नफ्यावरून रॉयल्टीवर सरकला. कोळशाची रॉयल्टी किमतीच्या १४ टक्के. जुन्या खाणींनी त्या रॉयल्टीच्या ३० टक्के एवढी रक्कम प्रतिष्ठानला द्यायची. शंभर रुपयांच्या कोळशामागे १४ रुपये रॉयल्टी आणि प्रतिष्ठानला ४ रुपये २० पैसे. लिलावातल्या नव्या खाणीला ३० च्या जागी १० टक्के, म्हणजे १ रुपया ४० पैसे. आणि तो पैसा कुठं खर्च करायचा ते ठरवणाऱ्या समितीच्या टेबलावर जिल्हाधिकारी आणि आमदार असतात. गावचा माणूस किती वेळा असतो, ते तुम्ही माहिती अधिकारात विचारा.

कामगाराला वाटा मिळाला कारण तो करारावर सही करणारा पक्ष आहे. ज्याची जमीन गेली तो पक्षच नाही. तो ‘बाधित’ आहे. आणि बाधिताला मिळते ती मदत, वाटा नाही.

मग ग्रामसभेचं काय? पेसा कायदा १९९६ चा. आपल्याकडे त्याचे नियम २०११ मध्ये आले, महाराष्ट्रात २०१४ मध्ये. सगळे म्हणतात, अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभाच सर्वोच्च. पण कायदा नीट वाचा. खाणपट्ट्यासाठी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस बंधनकारक आहे ती गौण खनिजाला, म्हणजे वाळू, मुरूम, दगड यांना. कोळसा गौण खनिज नाही. जमीन संपादनाआधी पेसात फक्त ‘सल्लामसलत’ आहे. म्हणजे नाल्यातल्या वाळूवर गावाचं म्हणणं चालतं आणि गाव गिळणाऱ्या खाणीवर नाही.

२०१३ च्या भूसंपादन कायद्यानं यात सुधारणा केली. त्याच्या ४१ व्या कलमात अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेची पूर्वसंमती मागितली आहे. पण त्याच कायद्याच्या शेवटी एक यादी आहे, हे हे कायदे याच्या बाहेर, अशी. त्या यादीत १९५७ चा कोळसा क्षेत्र संपादन कायदा बसला आहे. वेस्टर्न कोलफिल्ड्ससारख्या केंद्राच्या कंपन्यांसाठी जमीन घेतली जाते ती या १९५७ च्या कायद्यानं. पुढं मोबदला आणि पुनर्वसन त्याला लागू केलं, संमती नाही. पैसे वाढले, सही मिळाली नाही.

राहिला वनहक्क कायदा, २००६ चा. यानं एक वेगळी ताकद दिली. ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावर बॉक्साइटची खाण होणार होती. सुप्रीम कोर्टानं २०१३ मध्ये सांगितलं की ग्रामसभांना विचारा. बारा गावांना विचारलं, बाराही गावांनी नाही म्हटलं. खाण झाली नाही. तिकडेही बाराच गावं होती, जोडेघाटसारखी. फरक एवढाच की तिथं त्यांचं म्हणणं कागदावर आलं. म्हणून २०२२ च्या वन संवर्धन नियमांवरून एवढा गदारोळ झाला. त्यात केंद्राची मंजुरी आधी येते आणि वनहक्कांचा निपटारा राज्यानं नंतर बघायचा. केंद्रानं हो म्हटल्यावर गावाला नाही म्हणायला किती जागा उरते, ते तुम्हीच सांगा.

आणखी एक गंमत. मंदामर्री कोळशाचं गाव, नगरपालिका आहे, पण अनुसूचित क्षेत्रात येतं. नगरपालिकांचा घटनात्मक भाग अनुसूचित क्षेत्रांना लावायचा तर संसदेनं वेगळा कायदा करावा लागतो, तो झालाच नाही. त्यामुळे तिथं कित्येक वर्षं नगरपालिकेची निवडणूक नाही. कोळसा रोज बाहेर जातो, निवडून दिलेला नगरसेवक एकही नाही.

हे फक्त आपल्याकडंच घडतं असं वाटत असेल तर एक लांबची गोष्ट सांगते. अमेरिकेत ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा या तीन राज्यांत नवाहो लोकांचा प्रदेश पसरला आहे. तीन राज्यांच्या सीमा त्यांच्या अंगावरून जातात, आपल्यासारख्याच. तिथं विसाच्या दशकाच्या सुरुवातीला तेल सापडलं. तेलाच्या करारावर सही करायला कोणी तरी हवं, म्हणून १९२३ मध्ये नवाहोंची मध्यवर्ती परिषद बनवली गेली. पहिल्याच बैठकीत परिषदेनं काय केलं? तेलाच्या करारांवर आमच्या वतीनं सही करा, असा अधिकार सरकारी अधिकाऱ्याला देऊन टाकला. सहीसाठीच संस्था जन्माला घातली आणि सही लगेच काढून घेतली.

पुढं १९६४ मध्ये पीबॉडी या कंपनीशी कोळशाचा करार झाला. रॉयल्टी टनाला जास्तीत जास्त साडेसदतीस सेंट. कोळशाचे भाव वाढत गेले, रॉयल्टी जागेवरच. १९८४ मध्ये वीस वर्षांनी दर बदलायची वेळ आली तेव्हा सरकारच्याच अधिकाऱ्यानं २० टक्के ठरवले. कंपनीनं वर अपील केलं, कंपनीचा माणूस मंत्र्याला परस्पर भेटला आणि निर्णय अडकून पडला. नवाहोंना या भेटीचं काही माहीत नव्हतं. शेवटी थकून त्यांनी साडेबारा टक्क्यांवर सही केली. हे सगळं उघड झाल्यावर ते कोर्टात गेले. २००३ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं सहा विरुद्ध तीन मतांनी ठरवलं की नुकसानभरपाई द्यायला सरकार बांधील नाही. जे सरकार त्यांच्या जमिनीचं विश्वस्त म्हणवत होतं, ते सरकार.

त्या कोळशावर चालणारं नवाहो जनरेटिंग स्टेशन २,२५० मेगावॉटचं होतं. आपल्या पलीकडचं चंद्रपूरचं वीज केंद्र २,९२० मेगावॉटचं आहे, म्हणजे अंदाज येईल. ती वीज कोलोरॅडो नदीचं पाणी फिनिक्स आणि टुसॉन शहरांपर्यंत उपसायला वापरली जायची. आणि नवाहो प्रदेशात आजही दहा हजारांहून जास्त घरांत वीज नाही. चंद्रपूरनंही याची किंमत मोजली. केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या २००९ च्या यादीत ते देशातल्या सर्वांत प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत चौथं होतं. वीज मुंबई–पुण्याला जाते, राख तिथंच राहते.

नवाहोंची गोष्ट एवढ्यावर संपत नाही आणि म्हणूनच ती मला महत्त्वाची वाटते. २०१३ मध्ये त्यांनी स्वतःची ऊर्जा कंपनी काढली आणि एक कोळसा खाण विकत घेतली. आता सही आपल्या माणसाची, नफा आपला. पण नवाहोंच्यातच वाद सुरू झाला: राजधानीत बसलेल्या आपल्याच नेत्यांनी सही केली म्हणजे खाणीशेजारच्या मेंढपाळ बाईची सही झाली का? पुढं २०१९ मध्ये ते वीज केंद्र आणि त्याची काएंटा खाण बंद झाली तेव्हा कामगार बहुतेक नवाहोच होते. घरं बसली, सरकारचं उत्पन्न बुडालं. खाण चालू असताना पर्यायाची तयारी फारशी झालीच नव्हती. युरेनियमचा मात्र त्यांनी धडा घेतला. पाचशेवर सोडून दिलेल्या युरेनियम खाणी आणि कॅन्सर बघून २००५ मध्ये त्यांनी स्वतःच्या कायद्यानं आपल्या प्रदेशात युरेनियम खाणकाम बंद केलं. आपल्याकडे २०१९ मध्ये नल्लमलाच्या जंगलातल्या युरेनियमविरुद्ध तेलंगणा विधानसभेनं एकमतानं ठराव केला, तो लोकांनी आवाज उठवल्यावरच. म्हणजे नाही म्हणता येतं. जमून म्हणावं लागतं.

आता आपल्याकडचा ताजा वाद बघा. केंद्रानं कोळशाचे ब्लॉक लिलावात काढले. त्यात सिंगरेणीच्या पट्ट्यातले चार होते, मंचेरियालकडचा श्रावणपल्लीही होता. डिसेंबर २०२१ मध्ये कामगारांनी तीन दिवस संप केला. २०२४ मध्ये श्रावणपल्ली पुन्हा लिलावाच्या यादीत आला, राज्य म्हणालं सिंगरेणीलाच द्या. खासगीपेक्षा सिंगरेणी बरी, हे मलाही पटतं. पण अख्ख्या वादात दोनच नावं होती, खासगी की सिंगरेणी. तिसरं नाव, ज्याची जमीन आहे त्याचं, मला तरी फारसं ऐकू आलं नाही.

आता जरा अवघड बोलते. आपल्यातले सगळे आदिवासी नाहीत. आपल्यापैकी अनेकांचे आजे-पणजे यवतमाळ, नांदेड, चांद्याकडून इकडे शेतीसाठी आले. काहींनी गोंडांकडून जमीन घेतली, काहींनी कसायला घेतली आणि ती तशीच राहिली. आज त्या जमिनीचा पट्टा होत नाही, बँक कर्ज देत नाही, विकता येत नाही. वन ऑफ सेव्हंटी काढून टाका, अशी मागणी मी आपल्याच मराठी घरांत ऐकते. तीन पिढ्या राबलेल्या छोट्या शेतकऱ्याचं दुःख खोटं नाही. त्याच्यासाठी पीककर्जाचा, विम्याचा वेगळा मार्ग मागता येतो आणि मागायलाच हवा.

पण कायदा उठला तर काय होईल ते डोळे उघडे ठेवून बघा. तुमच्या पाच एकरांना भाव येईल, खरं. भाव देणारा कोण असेल? रस्त्यालगत आधी ढाबा, मग गोदाम, मग खाणीचा कंत्राटदार. समता निकालाचा पाया हाच कायदा आहे. तो काढला की खासगी खाणींपुढची कडीच निघाली. गोंडाच्या जमिनीला जे कुंपण आहे, त्याच कुंपणाच्या आडोशाला आपलंही गाव आहे. शेजाऱ्याचं कुंपण मोडून आपली जमीन वाचत नाही, आणि शेजाऱ्याशी नातं तर नक्कीच वाचत नाही.

मग करायचं काय? मोठ्या घोषणा मी देणार नाही. तीन कामं सांगते, तिन्ही तुम्हाला जमण्यासारखी.

पहिलं, भाषेचं. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे खाणीची जनसुनावणी घ्यायची तर किमान तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश इंग्रजीत व राज्यभाषेत किंवा स्थानिक भाषेत ठेवावा लागतो. इकडे तो तेलुगूत येतो, तिकडे मराठीत. गोंडी आणि कोलामी दोन्हीकडे गायब, आणि इकडच्या मराठी म्हातारीला तेलुगू वाचता येत नाही. सुनावणीत ‘गावकऱ्यांनी हरकत घेतली नाही’ असं लिहिलं जातं, कारण काय चाललंय ते त्यांना कळलेलंच नसतं. तुम्ही चार भाषा जाणता. तो सारांश मागवा, गोंडी-मराठीत वाचून दाखवा, देवनागरीत चार पानं लिहून काढा. मार्लवाईत ऐंशी वर्षांपूर्वी ते झालं होतं.

दुसरं, कागदाचं. सामूहिक वनहक्काचा दावा केलेला आणि न केलेला गाव यांत फार अंतर आहे. गडचिरोलीच्या मेंढा-लेखानं २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला, तोही आपल्यासारखाच गोंड गाव. खाणीचं नाव निघायच्या आधी दावा झाला पाहिजे. खाण आल्यावर केलेल्या दाव्याला अडथळा म्हणतात. ग्रामसभेचा ठराव तारखेसह, सह्यांसह, अंगठ्यांसह वहीत असला पाहिजे. तोंडी विरोधाची नोंद कुठंच होत नाही.

तिसरं, सीमेचं. केरामेरी आणि जिवतीच्या मधल्या चौदा गावांचं आपल्याला माहीत आहे. दोन राज्यांची रेशन कार्डं, दोन्हीकडे मतदान आणि जमिनीच्या पट्ट्याचा प्रश्न वर्षानुवर्षं लोंबकळत. ज्याचा पट्टा कोणत्याच राज्यात पक्का नाही, त्याची संमती उद्या कोण मागणार? मोबदल्याच्या यादीत नाव कोण घालणार? म्हणून सीमाभागाचा हक्क म्हणजे फक्त शाळेची भाषा आणि पाटीवरची लिपी नाही. आपल्या पायाखालच्या जमिनीवर आपलं नाव कोणत्या वहीत आहे, हासुद्धा सीमेचाच प्रश्न आहे. पैनगंगेच्या दोन्ही काठांच्या पोरांनी आपापल्याकडचे नियम, मोबदल्याचे दर, नोकरीचे करार एकमेकांना पाठवायला सुरुवात करा. वेस्टर्न कोलफिल्ड्सनं राजुऱ्यात काय दिलं ते आसिफाबादच्या माणसाला कळलं, आणि सिंगरेणीनं इकडे काय दिलं ते राजुऱ्याला कळलं, की वाटाघाटीचं चित्र बदलतं. कंपन्यांकडे ही माहिती असते. आपल्याकडे व्हॉट्सअॅप आहे.

एक शंका नेहमी विचारली जाते: मॅडम, तुम्हाला वीज नको का? मला वीज हवी आहे. तुमच्या माझ्या घरात हवी आहे, डोंगरातल्या कोलामगुड्यातही हवी आहे. पुढं कोळसा कमी होईल, सौर येईल. सौर पॅनललाही जमीन लागते, शेकडो एकर लागते, आणि ती पुन्हा ‘पडीक’ म्हणून कोणाची तरी चराई घेऊनच उभी राहील. इंधन बदललं म्हणून प्रश्न बदलत नाही. तेव्हाही कोणी तरी कागद घेऊन येईल आणि गावाला विकासाच्या दोन गोष्टी सांगेल.

त्या दिवशी गावातल्या कोणी तरी तो कागद हातात घेऊन शांतपणे वाचला पाहिजे, मोठ्यानं सगळ्यांना समजावून सांगितला पाहिजे आणि मग ग्रामसभेनं ठरवलं पाहिजे: हो, नाही, किंवा या अटींवर हो. हे काम करणारं माणूस बाहेरून येणार नाही. ते या खोलीतच बसलेलं आहे असं समजून मी बोलले.